घायपाताची भावकी

बाटली तीन वर्षं ज्वारीच्या डब्यामागं उभी होती,
तोंड भिंतीकडं, शिक्षा झाल्यासारखी.
भाऊजींनी आणलेली, मेक्सिकोहून.
उद्यमनगरातल्या फाउंड्रीनं त्यांना धाडलं होतं तिकडं,
आपल्या कास्टिंगला भोकं का पडतात ते बघायला.
महिन्यानं परत आले
ते एक बाटली आणि मूळव्याध घेऊन.

आज दोघे भाऊ वाडीला गेलेत, मुक्कामी.
शालन म्हणाली, "अक्का, काढायची का?"
मी म्हटलं, "आधी कडी घाल."

काकवी होती, बावड्याच्या गुऱ्हाळातली,
गेल्या माघातली, तळाशी दाणे धरलेली.
पळीभर घेऊन कोमट पाण्यात मोडली.
लवंगी मिरच्या चार.
शालननं तव्यावर टाकल्या तसा फुलेवाडीभर ठसका,
भिंतीपलीकडं चौगुलेकाकू शिंकल्या, एकदा, दोनदा,
आणि आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून
हसत होतो की खोकत, सांगता यायचं नाही.

मिरच्या काकवीत घातल्या, वर ताटली झाकली.
लिंबू पिळलं. बिया शालननं बोटानं काढल्या,
मग तेच बोट डोळ्याला लावलं,
त्यात दहा मिनिटं गेली.

तिकडं म्हणे पेल्याच्या काठाला मीठ लावतात.
नुसतं मीठ?
आमच्यात ते आजाऱ्याच्या पेजेत घालतात.
कांदा-लसूण चटणी मिठात कालवून बशीत पसरली.

पेले नव्हते.
पोरांच्या खोकल्याच्या औषधाची टोपणं होती,
पाच, दहा, पंधरा, रेघा मारलेली.
"किती देऊ?" शालननं विचारलं, डॉक्टरीणबाईसारखी.
"पंधरा. झोपताना."

मग बूच निघालं.

वास ओळखीचा.
दारूचा नव्हे, दारूच्या खालचा,
ओल्या, चेचलेल्या पानाचा.
मी बाटली दिव्याखाली धरली:
कागदावर निळसर पाती, कडेनं काटे.
अगं बाई, हे तर घायपात!
आपल्या बांधावरच्या घायपाताची भावकी,
सातासमुद्रापार जाऊन सुधारलेली.

आण्णा पानं तोडायचे, काटे छाटायचे,
ओढ्यात दगडाखाली कुजत घालायचे पंधरा दिवस.
मग धोपटणं. पांढरा वाख पिळून उन्हात.
त्याचे कासरे, त्याची दावी,
बेंदराआधी घरात पाय ठेवायला जागा नसायची.
हात कोपरापर्यंत लाल व्हायचे, खाजून खाजून.
आई खोबरेल चोळायची
आणि ते म्हणायचे,
"ह्या झाडात दावं सोडून काय बी न्हाई."

भाऊजी सांगत होते परवा,
तिकडं पानं टाकून देतात,
खालचा गड्डा भाजतात भट्टीत,
उसासारखा गोड लागतो.
आण्णा, ऐकताय का,
गड्डा आपण बांधातच ठेवला.

"अक्का, चटणी चाटायची आधी का नंतर?"
"चाट की, कोण बघतंय."

जिभेवर आधी गूळ आला,
सोयरा आल्यासारखा, चपला काढून, हळू.
मग घशात जाळ.
आणि ते दोन्ही गेल्यावर, सगळ्यात शेवटी,
मिरची मागनं आली उधारी मागायला.
शालन ओरडली, "आई अंबाबाई!"
आणि लगेच टोपण पुढं केलं.

तीन डोस झाले. चौथा सांडला.
शालननं तिच्या माहेरचं एक गाणं अर्धंच म्हटलं,
उरलेलं आठवेना म्हणून रडली,
मग भाकरी आणि ठेचा खाऊन तिथंच आडवी झाली,
स्वयंपाकघरात, गॅसच्या सिलिंडरला पाय लावून.

टोपणं मी राखेनं घासली,
औषधांच्या फळीवर जिथल्या तिथं ठेवली.
बाटलीही डब्यामागं,
फक्त तोंड खोलीकडं करून.

रात्री कोपरापर्यंत हात खाजत राहिले.
सकाळी शालन म्हणाली, मिरचीनं.
असेल.
खोबरेल काही मी लावलं नाही.